हॉलमध्ये पडलेला पाऊस

आमच्या सोसायटीच्या हॉलची किल्ली माझ्याकडे असते. हॉलच्या समोरचंच दार माझं, एवढीच त्यामागची पात्रता. नाटकाबिटकाशी माझा काही संबंध नाही. मी गणिताच्या शिकवण्या घेते, आठवी ते दहावी, आणि माझ्या घरातून रोज संध्याकाळी जिन्यापर्यंत ऐकू जाणारं वाक्य ठरलेलं असतं: "आवाज नको." सोसायटीतली लहान मुलं माझ्या दारावरून जाताना आपोआप चवड्यांवर चालायची. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

तीनेक वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सोसायटीतल्या बायकांनी मुलांसाठी नाट्यशिबिर काढलं. कारण उघड होतं. शाळा बंद, बाहेर डोळे उघडवणार नाहीत असं ऊन, आणि मुलं दिवसभर मोबाईलला चिकटलेली. कोणाच्या तरी ओळखीतून एक तरुण नट सापडला. खांद्यापर्यंत केस, खादीचा झब्बा, बोलणं फार गोड. रोज चार ते सहा तो हॉलमध्ये दहा-बारा मुलांना नाटक शिकवणार होता. मी हॉल उघडून द्यायचा आणि सहाला बंद करायचा, एवढंच माझं काम.

पहिल्या दिवशी त्याने मुलांना गोल बसवलं आणि मला म्हणाला, "मॅडम, कूलर बंद करता का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आमच्या हॉलचा कूलर म्हणजे कपाटाएवढा पत्र्याचा डबा. तो चालू असला की शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. पण नागपुरात मे महिन्यात तो बंद करा असं शुद्धीवरचा माणूस म्हणत नाही.

"दोनच मिनिटं," तो म्हणाला.

मी बटण दाबलं. कूलर घरघरत, धापा टाकत थांबला. मग त्याने मुलांना डोळे मिटायला सांगितले. "काही करायचं नाही. फक्त ऐकायचं. नंतर सांगायचं, काय काय ऐकू आलं ते."

मुलं चुळबुळली, खिदळली, मग हळूहळू शांत झाली. मी दारात उभी होते. मला विचाराल तर मला काहीच ऐकू आलं नाही. कूलर थांबला म्हणजे शांतता झाली, असा माझा सरळ हिशेब.

डोळे उघडल्यावर एकेक जण सांगू लागला. भिंतीवरचं घड्याळ. कोणाच्या तरी घरचा मिक्सर. कोपऱ्यावरच्या रसवंतीचे घुंगरू. एक मुलगा म्हणाला, "कूलर बंद झाला तरी आतमध्ये पाणी टपकून राहिलं." सगळ्यात शेवटी पहिलीत जाणारी एक चिमुरडी होती. तिचे बाबा गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "माझ्या पोटात कोणीतरी भांडे घासून राहिलं."

सगळे हसले. तो नट हसला नाही. त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "कोणती भांडी? मोठी की छोटी?"

"छोटी," ती म्हणाली. "वाट्या."

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला हे सांगितलं आणि आम्ही दोघंही पुष्कळ हसलो. मला तो खेळ गमतीचा वाटला, पण त्यात नाटक कुठे आहे ते काही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी पावणेचारला त्या नटाचा मेसेज आला. मुंबईला एका मालिकेत काम मिळालं होतं. तो स्टेशनवरूनच लिहीत होता. माफी मागितली होती, सगळ्या मुलांना प्रेम कळवलं होतं, आणि खाली हात जोडल्याची चार चित्रं होती.

मी बायकांच्या ग्रुपवर कळवणार, तोवर मुलं हॉलच्या दाराशी हजर. त्यांच्या आया त्यांना खाली सोडून निश्चिंत झाल्या होत्या. दोघी तर दोन तास मोकळे मिळाले म्हणून इतवारीत भांडी बघायला गेल्या होत्या. आता या सगळ्यांना परत कुठे पाठवणार? मी हॉल उघडला आणि म्हटलं, "आज मी."

मुलांचे चेहरे असे पडले की सांगता सोय नाही. एकाने हळूच विचारलं, "मॅडम, पाढे म्हणाचे का?"

मला एकच खेळ येत होता. मी जाऊन कूलर बंद केला. "डोळे मिटा," म्हटलं, आणि स्वतःही खाली बसून मिटले. या वेळी मात्र मला ऐकू आलं. आधी घड्याळ. मग एक स्कूटर. मग ट्यूबलाइटची बारीक गुणगुण, जी मी इतकी वर्षं त्या हॉलमध्ये येऊन कधी ऐकली नव्हती. आणि माझ्या डावीकडे एका मुलाचा श्वास, नाक चोंदल्यामुळे शिट्टीसारखा वाजणारा. मजा वाटली. डोळे उघडले तर सगळी मुलं डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत बसलेली. मॅडम डोळे मिटून जमिनीवर बसल्या आहेत, हा देखावा त्यांना कुठल्याही आवाजापेक्षा मोठा वाटला असावा.

पण एका खेळावर दोन तास कसे निघणार? मग मला जे येतं तेच मी काढलं. अर्ध्या मुलांना म्हटलं, "आपण एकपासून मोजायचं. तीनच्या पाढ्यातला आकडा आला की तुम्ही टाळी वाजवायची." उरलेल्यांना म्हटलं, "चारच्या पाढ्यातला आला की तुम्ही पाय आपटायचा." पहिल्यांदा नुसता गोंधळ. दुसऱ्यांदा कमी गोंधळ. चौथ्या-पाचव्या खेपेला मोजणं आपोआप मनातल्या मनात गेलं आणि नुसत्या टाळ्या आणि पाय ऐकू येऊ लागले. टाळी, पाय, टाळी, मधे जागा, आणि बाराव्याला दोन्ही एकदम, धाडकन. तिथे आलं की मुलं आनंदाने किंचाळायची. मी आयुष्यभर फळ्यावर लसावि काढला. तीन आणि चारचा लसावि बारा, हे शेकडो मुलांच्या वहीत तपासलं. पण तो ऐकला त्या दिवशी पहिल्यांदा. आजही दहावीतल्या मोठ्या मुलांना मी लसाविसाठी टाळ्या वाजवायला लावते. आधी लाजतात, मग थांबायचं नाव घेत नाहीत.

सहाला मुलांना न्यायला आलेल्या आया दारात थबकल्या. माझ्या अंगावर घामाने ओला झालेला कुर्ता आणि मी पाय आपटते आहे. एक जण म्हणाली, "अहो, मग तुम्हीच घ्या ना शिबिर." बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर मागून मुलांनीच "हो हो" सुरू केलं. अशी मी नाटकवाली झाले.

पुढचे काही दिवस आम्ही आवाजच गोळा केले. रोज सुरुवातीला कूलर बंद, मग ऐकणं, मग जे ऐकलं ते तोंडाने, हाताने, वस्तूंनी काढून दाखवणं. या कामात एक जाडसर, पाचवीतला मुलगा सगळ्यात पुढे. तो इतका मोठ्याने बोलायचा की शाळेत त्याला कायम शेवटच्या बाकावर बसवत. त्याला नुसतं कुजबुजायला लावलं तरी ते बाहेरच्या वॉचमनला ऐकू जायचं. त्याने कूलरचा आवाज असा हुबेहूब काढला की मुलं त्याच्यासमोर जाऊन गार वारा घेतल्यासारखी उभी राहायची.

एक दिवस सहावीतली एक उंच, शहाणी मुलगी म्हणाली, "मॅडम, आपण पाऊस करू." शाळेत कधीतरी त्यांनी तो केला होता. मी मधे उभी राहिले आणि हळूहळू गोल फिरू लागले. ज्याच्याकडे माझं तोंड वळेल त्याने आवाज बदलायचा. आधी नुसते तळवे एकमेकांवर घासायचे, वारा सुटल्यासारखे. दुसऱ्या फेरीला एका बोटाने तळव्यावर टपटप. मग दोन बोटं, मग चार. मग मांड्यांवर थापा. शेवटी पायांनी फरशीवर धबाधबा. आणि विजेचं काम त्या मोठ्या आवाजाच्या मुलाकडे. हॉलच्या मागे जुन्या कूलरचा निघालेला एक पत्रा पडला होता. तो दोन हातांत धरून हलवला की आकाश फाटल्यासारखं व्हायचं.

पहिले प्रयत्न फसले. कोणीतरी घाई करायचं आणि वारा सुटायच्या आतच धो धो सुरू व्हायचं. मी म्हणायचे, "शेजारच्याचं ऐका. तो तुमच्यापर्यंत येऊ दे." एका दुपारी ते जमलं. खरंच जमलं. पाऊस एका भिंतीकडून निघून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरकत गेला, वाढला, कोसळला, पत्रा गडगडला, आणि मग हळूहळू ओसरत एकेक थेंबावर आला. शेवटचा थेंब त्या चिमुरडीचा. तिने बोट उचललं आणि हॉल शांत झाला.

त्या शांततेत जिन्यावरून धपाधप पावलं ऐकू आली. दार धाडकन उघडलं. दारात पहिल्या मजल्यावरच्या काकू. हॉलच्या बरोबर वर त्यांचं घर. कपाळावरून घाम ओघळतोय, पदर खोचलेला, आणि दोन्ही हातांत जुन्या लुगड्याचं मोठं गाठोडं.

"कुठं हाये पानी?" त्यांनी विचारलं.

काकूंनी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. मग त्यांची नजर त्या मुलाच्या हातातल्या पत्र्यावर गेली आणि त्यांना सगळं समजलं.

काकूंचं माहेर-सासर दोन्ही पारशिवनीकडचं. दीर अजून तिकडे शेती करतात, आणि घरचा गहू आला की दर उन्हाळ्यात काकू सगळ्या नातेवाइकांच्या वाटच्या कुरडया एकट्या करतात. त्या दिवशी सकाळीच घातलेल्या कुरडया छतावर वाळत होत्या. काकू पडदे ओढून झोपल्या होत्या. झोपेत त्यांनी आधी वारा ऐकला, मग थेंब, मग गडगडाट. तशाच उठून त्या अनवाणी दोन मजले चढल्या, तापलेल्या छतावर नाचत नाचत अर्धवट ओल्या कुरडया लुगड्यात गोळा केल्या, आणि मग वर बघितलं. ढगाचा पत्ता नव्हता.

गाठोडं त्यांनी आमच्या मधोमध ठेवून सोडलं. आत कुरडयांचा नुसता गोळा झाला होता.

"पाह्य वं मॅडम," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर शिकल्यासवरल्या बाई. आजवर या बिल्डिंगीत तुमचं दार गप होतं. आता तुम्हीच या पोट्ट्याईले घेऊन पानी पाडून रायल्या?"

मी "काकू, चुकलं," एवढंच म्हटलं. मुलं माना खाली घालून बसली. तेवढ्यात ती चिमुरडी उठली, काकूंच्या जवळ गेली आणि मान वर करून विचारलं, "आजी, तुम्हाले खरंच पाऊस वाटला?"

तिच्या आवाजात भीती नव्हती. आनंद मावत नव्हता.

काकूंनी तिच्याकडे बघितलं. रागावायचं होतं, पण ओठांचा कोपरा हलला. "वाटला म्हंजे?" त्या म्हणाल्या. "अवं माय, मले तर वीज दिसली! डोये मिटून होती तरी दिसली!"

मग तो पत्रेवाला मुलगा उड्याच मारू लागला आणि सगळा हॉल हसण्याने भरून गेला. काकूही पदराने तोंड पुसत हसल्या. खिडकीतून वॉचमन डोकावला. त्यानेही डुलकीतून दचकून आपली खाट आत ओढली होती, हे त्याने तेव्हा कबूल केलं.

हसणं ओसरल्यावर काकू पुन्हा कडक झाल्या. "पन कुरोड्याईचं काय? अजून गहू भिजत हाये, परवा पुन्हा चीक शिजवतो मी. तुम्ही सारे पोट्टे पहाटे छतावर पाह्यजे. मॅडम, तुम्ही बी."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सगळे छतावर होतो. बहुतेक मुलांनी पहाट पहिल्यांदाच बघितली असावी. काहींचे डोळे अर्धे मिटलेले, एकाच्या शर्टाची बटणं उलटसुलट. काकूंनी गॅसच्या शेगडीवर मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक चढवला होता आणि त्या लाकडी दांड्याने तो घोटत होत्या. चीक शिजत आला की बुडबुडे येतात आणि फुटतात, फुस्, पुक्, फुस्. "मॅडम," सहावीतली मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "चिखल बोलून राहिला असं वाटते."

काकूंनी गरम चीक सोऱ्यात भरला आणि मुलांना पाळीपाळीने दाबायला दिला. सोऱ्याचा स्क्रू फिरला की कर्र करून रडायचा आणि खालून कापडावर पांढऱ्या शेवया गोल गोल उतरायच्या. मुलांच्या कुरडया काही गोल आल्या नाहीत. एकीची चंद्रकोरीसारखी, एकाची तर नुसती रेघ. काकू ओरडत होत्या, "अरे गोल फिरव गा, गोल! रस्ता बांधून रायला का तू?" आणि मधेच प्रत्येकाच्या हातावर साखर घातलेला गरम चीक ठेवत होत्या.

सगळा चीक संपला तेव्हा आकाश पिवळं व्हायला लागलं होतं. मी म्हटलं, "आता बसा. डोळे मिटा."

"हे काय नवीन?" काकूंनी विचारलं. पण त्याही बसल्या.

छतावर कूलर नव्हता. कबुतरं होती, टाकीवर पंजे घासत. लांबच्या मशिदीतली अजान संपत आली होती आणि जवळच्या देवळातली घंटा सुरू व्हायची होती. खाली दूधवाल्याच्या सायकलीचा स्टँड खटकन लागला. कचऱ्याची गाडी भोंग्यावरून काहीतरी सांगत गल्लीत शिरली. कोणाची तरी टाकी भरून वाहू लागली आणि त्यावर कोणीतरी खिडकीतून ओरडलं. बराच वेळ कोणी डोळे उघडले नाहीत. काकू सगळ्यात शेवटी उघडतात का काय, असं वाटलं.

"मी तर रोज येतो इथं," त्या म्हणाल्या. "मले वाटे, मी एकटीच जागी राह्यतो या टायमाले."

त्याच ठिकाणी मुलांनी नाटक ठरवून टाकलं. छतावरची सकाळ, आणि शेवटी आपला पाऊस. सगळं आवाजांचं. बघायचं काही नाही, फक्त ऐकायचं. काकूंनी त्यात स्वतःचंच काम करायचं, म्हणजे ओरडायचं. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. "मी नाटकात? लोकं काय म्हनतीन?" पण दुसऱ्या दिवशी चारच्या आधी पाच मिनिटं त्या हॉलमध्ये येऊन बसल्या होत्या, चांगली साडी नेसून. रिकाम्या सोऱ्याला कर्र असा आवाज हवा तसा येईना, तर त्यांनी घरून दोन जुने सोरे आणून कोणता जास्त रडतो त्याची परीक्षाच घेतली. मुलांशी वादही झाले. काकूंचं म्हणणं, कबुतर "घुटरघूं" करतं. मुलांचं म्हणणं, तसं पुस्तकात करतं, खरं कबुतर पोटातून बोलतं. शेवटी सगळे वर जाऊन ऐकून आले आणि काकू हरल्या.

शिबिराच्या शेवटी प्रयोग ठेवला. संध्याकाळी हॉल गच्च भरला. आई-बाबा, आजोबा, शेजारच्या बिल्डिंगमधलेही काही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी कौतुकाने माईक आणि दोन मोठे स्पीकर आणून ठेवले होते. मुलांनी ते नको म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. खरी पंचाईत पुढेच होती. लोकांनी मोबाईल वर धरले आणि समोर काहीच नाही. स्टेज रिकामं. मुलं सगळ्यांच्या पाठीमागे आणि दोन्ही भिंतींच्या कडेने बसली होती. मी सांगितलं, "डोळे मिटून ऐकायचं आहे." त्यावर कुजबुज. एक बाबा म्हणाले, "अहो, मग व्हिडिओ कशाचा काढायचा?" वरून मी कूलर बंद केला तेव्हा तर मागच्या रांगेतून "अरे बापरे" असा सूरच निघाला.

काकू उठून पुढे आल्या. कमरेवर हात ठेवून सगळ्या हॉलकडे एकदा बघितलं. "मोबाईल ठेवा खाली," त्या म्हणाल्या. "डोये मिटा. साऱ्याईनं. तुम्ही बी, सेक्रेटरीसाहेब."

सगळ्यांनी मिटले.

सुरुवातीला काहीच नाही. मग टाकीवरचं एक कबुतर, मग दुसरं. लांबून देवळाची घंटा, म्हणजे पितळेचा पेला आणि चमचा. सायकलीचा स्टँड. चिकाचे बुडबुडे, जे तिघी मुली ओठांनी काढत होत्या. सगळं छान चाललं होतं, आणि पाऊस यायला अजून पुष्कळ वेळ असताना त्या मोठ्या आवाजाच्या मुलाच्या घामेजल्या हातातून पत्रा सुटला. ढण्ण! फरशीवर आपटून तो कितीतरी वेळ थरथरत राहिला.

मुलगा पांढरा पडला. मुलं माझ्याकडे बघू लागली. तेवढ्यात काकू आपल्या जागेवरून, छतावर उभ्या असल्यासारख्या, खाली ओरडल्या, "कोनाच्या घरचं पातेलं पडलं वं? सकाळी सकाळी भांडून रायले का दोघं?"

हॉल खदखदून हसला, पण डोळे कोणी उघडले नाहीत. त्या मुलाने पत्रा उचलला, डोळे पुसले, आणि नाटक पुढे सरकलं. सोरे रडले, काकू ओरडल्या, टाकी भरून वाहिली. मग वारा सुटला. मी मधे उभी राहून नेहमीसारखी गोल फिरू लागले. तळवे घासले गेले. पहिले थेंब आले. वाढले. मी दुसऱ्या फेरीला वळले तेव्हा आवाज मला अपेक्षेपेक्षा मोठा वाटला. बघितलं तर मागच्या रांगेतले एक आजोबा डोळे मिटून मांडीवर बोटांनी थेंब पाडत होते. त्यांच्या शेजारची बाई तळवे घासत होती. मग तिच्या पुढची. बघता बघता रांगाच्या रांगा हलू लागल्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मी फिरत होते आणि माझ्या भोवती सगळा हॉल, घामाने चिंब, डोळे मिटलेला, पाऊस पाडत होता. या वेळी पत्रा अगदी नेमका वाजला. मी गोल फिरायची थांबले, कारण मला दिसेनासं झालं होतं. घाम होता की काय, देव जाणे.

नंतर लोकांना विचारलं, काय काय ऐकू आलं. तेव्हा फार मजा झाली. एका बाईंनी सांगितलं, बेडूक छान होते. एका गृहस्थांना त्यांच्या आईच्या बांगड्या ऐकू आल्या होत्या. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, चिकाचा वाससुद्धा आला. पत्रेवाला मुलगा माझा हात ओढून म्हणाला, "मॅडम, पण आपल्याकडे बेडूक नव्हता."

"त्यांच्याकडे होता," मी म्हटलं.

ते त्याला पटलं.

हळूहळू सगळे पांगले. मी खुर्च्या एकावर एक रचत होते. पायरीवर ती चिमुरडी एकटीच बसली होती. तिची आई धाकट्याला झोपवायला वर गेली होती आणि ही बाबांसाठी थांबली होती. लग्नसराईचे दिवस, दुकानात गर्दी, त्यांना यायला जमलं नव्हतं. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. म्हटलं, "ऐकायचं का?"

दोघींनी डोळे मिटले. रस्त्यावर एकामागून एक गाड्या जात होत्या. मला एक टेम्पो, एक रिक्षा आणि गेटची कडी एवढं वेगळं काढता आलं, आणि मी स्वतःवर खूश झाले.

"बाबा येऊन राहिले," ती म्हणाली.

"कशावरून?"

"गाडी खोकते ना त्यांची."

मी कान दिला. मला नुसती रहदारी ऐकू आली. बऱ्याच वेळाने एक जुनी स्कूटर गेटमधून आत वळली, दोनदा खोकली आणि बंद पडली. तिच्या बाबांच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा होता. त्यांनी रिकाम्या हॉलकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा बारीक झाला.

"संपलं का, बेटा?"

"बसा," ती म्हणाली. "हेल्मेट काढा. नाहीतर ऐकू कसं येईल?"

ते तसेच स्कूटरवर बसले, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि तिने सांगितल्यावर डोळेही मिटले. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. एक कबुतर झालं. मग दुसरं झालं. मग ती बराच वेळ नुसती थांबली.

"अजून आहे का?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"बाबा," ती वैतागून म्हणाली, "अजून उजाडलंच कुठे?"

मी उठून हॉलमध्ये गेले आणि उरलेल्या खुर्च्या एकेक करून, अजिबात न वाजवता रचू लागले.